लक्ष्मीबाई किती वाजता उठत?

आमच्या घरात शाळेत जाणारा सध्या मी एकटाच आहे, आणि माझं वय बेचाळीस आहे. हायस्कुलात गणित शिकवतो. दादाची मुलगी दहा वर्षांची, ती घरीच शिकते. पुण्याच्या ताईचा मुलगा अकरा वर्षांचा, तोही घरीच शिकतो. ताई मे महिन्यात माहेरी आली की गल्लीतल्या बायका विचारतात, "पोराला सुट्टी लागली काय?" ज्याला शाळाच नाही त्याला सुट्टी कुठून लागणार, हे दारात उभ्या उभ्या समजावून सांगणं अवघड. ताई नुसती "हो" म्हणते आणि आत येऊन चिडते.

बाहेरच्याला या नणंद-भावजया एकाच पंथाच्या वाटतात. आतून बघाल तर शैव आणि वैष्णव. वहिनीचं वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेलं, विषयाला रंग ठरलेले. ताईच्या घरी कॅलेंडर आहे ते दुधाचा खाडा मांडण्यापुरतं. गेल्या मे महिन्यात हुबळीच्या कमरीपेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर एका रात्री दोघींचं जे जुंपलं, ते मी इथं जमेल तसं मांडतो. पाणी यायची रात्र होती. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं आणि वेळ सांगून येत नाही. म्हणून कुणीतरी जागायचं, आणि जागायचं तर बोलायचं.

सुरुवात ताईनं केली. "वहिनी, तू पोरीला शाळेतनं काढलंस आणि शाळाच घरी आणून बसवलीस. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी. घंटा तेवढी राहिली."

"घंटा आहे की. कुकरची. तिसऱ्या शिट्टीला कन्नड सुरू होतं."

"आणि तिला त्या वेळी मुंग्या बघाव्याशा वाटल्या तर?"

"मुंग्या चारनंतर."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी टाकीकडं बघितलं.

ताईचं म्हणणं थोडक्यात असं, की मूल चालायला शिकलं तेव्हा त्याला कुणी तास लावले नव्हते. तिचा मुलगा आठ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. घरात येणारे-जाणारे कुजबुजायचे. मग एका पावसाळ्यात त्याला क्रिकेटचे धावफलक वाचायचे होते, म्हणून तो तीन आठवड्यांत वाचायला लागला. ही गोष्ट ताई दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एक आठवडा कमी होतो. पण गोष्ट खोटी नाही. मी स्वतः त्याला त्या पावसाळ्यात वर्तमानपत्राचं शेवटचं पान घेऊन बसलेला पाहिलाय.

वहिनी ऐकून घेते. ती आधी बँकेत होती, त्यामुळं गोष्टीपेक्षा मुदत तिला लवकर कळते. "ताई, चौदाव्या वर्षी काय करणार?"

इथं थोडी माहिती द्यायला हवी, कारण घरी शिकवणारे पालक भेटले की या मुद्द्यावर येतातच. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याचं दहावं कलम म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र त्यात कुठंच सांगितलेली नाही. म्हणजे आमच्या घरातली दोन मुलं कायद्याच्या उंबरठ्यावर बसलेली आहेत, आत नाहीत आणि बाहेरही नाहीत. चौदा पूर्ण झाली की वाट जरा सरळ होते. १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात ती, दहावीची परीक्षा घेते. पाच विषय, त्यात भाषा किमान एक, जास्तीत जास्त दोन. आठवीचा दाखला नसला तर 'मी एवढं शिकलोय' असं स्वतःच लिहून द्यायचं. परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी. घरी लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना वीस टक्के गुण. मराठी माध्यमातूनही देता येते. वहिनीला हे सगळं तोंडपाठ आहे. कुठल्या वर्षी कुठला विषय उरकायचा याचा तक्ता तिनं पोरगी नऊ वर्षांची असतानाच केला.

"नऊ संधी आहेत आणि तू पहिलीच गाठायला निघालीस," ताई म्हणाली.

"नऊ आहेत म्हणून नवव्यापर्यंत थांबायचं असं कुठंय?"

माझा मास्तरी स्वभाव इथं वहिनीकडं झुकतो, हे मी कबूल करतो. पण झुकलो की मला माझ्याच वर्गातली शेवटच्या बाकावरची चार पोरं आठवतात. सहा वर्षं वेळापत्रकानं शिकूनसुद्धा त्यांना अपूर्णांकाचा भागाकार येत नाही. तेव्हा मी गप्प बसतो.

मग पुस्तकांचा विषय निघाला आणि भांडण तासभर थांबलं. बायका दागिने दाखवतात तशा या दोघी एकमेकींना पुस्तकं दाखवतात. ताईचा भर फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर. 'किशोर' मासिक बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलं, त्याचे जुने अंक आता संगणकावर सगळ्यांना खुले आहेत. ताईचा मुलगा सत्तरच्या दशकातले अंक वाचतो आणि जेवताना विचारतो, "ट्रंककॉल म्हणजे काय?" त्यावर आमच्या आईनं अर्धा तास सांगितलं. टेलिफोन लावायला हुबळीच्या पोस्टात कसं तिष्ठत बसावं लागायचं, 'लाइटनिंग' कॉलला किती पैसे पडायचे. हा इतिहासाचा तास कुणाच्या वेळापत्रकात नव्हता. ताईनं तो लगेच आपल्या खात्यात जमा केला.

अरविंद गुप्तांची खेळणी तर दोघींनाही मान्य. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेला हा माणूस आगकाडीच्या पेट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, फुटके पेन असल्या कचऱ्यातून विज्ञान शिकवतो. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं हेच केलं आणि मराठीसह अनेक भाषांतली शेकडो पुस्तकं फुकट वाचायला ठेवली. आमच्या घरी त्या पुस्तकांमुळं एकही जुनी चप्पल टाकून देता येत नाही. आईनं परवा तुळशीत ठेवलेली काडेपेटी शोधली, तर तिची आगगाडी झाली होती.

वहिनीचा आवडता ऐवज वेगळा. माधुरी पुरंदऱ्यांचं 'वाचू आनंदे' आणि त्याहून जास्त 'लिहावे नेटके'. "यात पोरीनं पेन्सिल धरून बसावं लागतं. नुसतं बघून होत नाही," ती म्हणाली. ताईनं तिथंच कबूल केलं की तिच्या मुलाचं शुद्धलेखन भयंकर आहे. 'पुस्तक' हा शब्द तो तीन प्रकारे लिहितो, आणि तिन्ही चूक. ती 'लिहावे नेटके' पुण्याला घेऊन गेली. परत आणेल असं मला वाटत नाही.

"पण वहिनी, सगळं फुकट असताना तू एवढी छापील पुस्तकं का विकत घेतेस? बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, कर्नाटकची आहेत."

"पीडीएफ म्हणजे फोन, ताई. फोन म्हणजे पाच मिनिटं पुस्तक आणि पन्नास मिनिटं दुसरंच काहीतरी. मी झेरॉक्स काढते. झेरॉक्सचे पैसे धरले तर तुमचं फुकट पुस्तक छापील पुस्तकाएवढंच पडतं."

"तुझी झेरॉक्स पाठकोऱ्या कागदावर असते."

"असते. तुमच्या भावाच्या दुकानातली जुनी बिलं. एका बाजूला भूगोल, दुसऱ्या बाजूला सहावारी पातळांचा हिशेब. पोरगी दोन्ही वाचते."

दादा खाली झोपला होता. दादा या लेखात अजून बराच वेळ झोपलेलाच असणार आहे.

खरं जड प्रकरण भाषेचं. ते पुण्यात बसून कळत नाही, ते कमरीपेठेतच कळतं. आमच्या गल्लीत चार दारं ओलांडली तर चार भाषा लागतात. आमच्या घरी मराठी. शेजारच्या सावजी घरात त्यांची स्वतःची बोली. ती आम्हाला निम्मी कळते, आणि ती मंडळी आमची सगळी समजतात. पलीकडं उर्दू. रस्त्यावर उतरलं की कन्नड, आणि तेही बेंगळुरूचं पुस्तकी कन्नड नव्हे, आमचं हुबळीचं, पोटातनं येणारं. इथं शाळेला साली म्हणतात. मराठी माणसाला या शब्दानं पहिल्यांदा भलताच अर्थ लागतो. दुकानात मूल दिसलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न, "याव साली?" म्हणजे कुठल्या शाळेत जातोस. शाळेच्या नावावरून तो मुलाचं घर, घरची भाषा आणि बापाची ऐपत एका दमात ओळखतो. आमच्या पोरीला हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा ती माझ्याकडं वळून बघायला लागली, आणि मी म्हणालो, "आमच्यात येते." हे खोटं होतं. खोटं का बोललो ते मला अजून नीट सांगता येत नाही. शिक्षकाची पुतणी शाळेत नाही हे सांगायची लाज, बहुतेक.

ताईला कन्नड ही अडचण वाटत नाही. "शाळेत कन्नड सक्तीचं करणारा २०१५ चा कायदा शाळांना लागू आहे. घराला नाही."

"घराला नाही. रस्त्याला आहे," वहिनी म्हणाली. "माझी पोरगी उद्या इथंच राहणार. बसमध्ये, दवाखान्यात, कचेरीत. मराठी शिकली, इंग्रजी शिकली आणि कन्नड अडखळत बोलली, तर या गावात ती जन्मभर पाहुणी. शाळेत मुलींच्या घोळक्यात तिला ते आपसूक आलं असतं. मी घरी बसवली, तर आता ते मला शिकवावं लागतंय. आणि माझं कन्नड पुस्तकी."

या मुद्द्यावर वहिनीला ताईपेक्षा जास्त माहीत आहे. ती स्वतः सरकारी कन्नड शाळेत शिकली. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास सुरू झालेली 'नली-कली', म्हणजे आनंदानं शिकण्याची पद्धत, पुढं राज्यभर पसरली. तिची कार्डं वहिनीनं ओळखीच्या एका बाईंकडून मिळवली आहेत. मूल आपल्या वेगानं एका कार्डावरून दुसऱ्यावर जातं. हे तत्त्व ताईच्या पंथातलं, आणि कार्डांचा क्रम ठरलेला, हे वहिनीच्या. ती कार्डं बघून ताईही थोडी विरघळली. तिनं उलट स्टोरीवीव्हरची वाट दाखवली. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेलं ते गोष्टींचं भांडार. एकच गोष्ट तिथं मराठीत आणि कन्नडमध्येही मिळते, छापूनही घेता येते. एका हाताला मराठी पान, दुसऱ्या हाताला कन्नड. त्या रात्री ठरलेल्यांपैकी आमच्या घरी अजूनही रोज चालू असलेली गोष्ट एवढी एकच. पोरगी आता कन्नड पान आधी वाचते आणि मराठी पानातल्या चुका काढते.

मी मधे बेंद्र्यांचं नाव काढलं. हुबळी-धारवाडात माणूस भाषेवर बोलायला लागला आणि दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे आले नाहीत असं होत नाही. १८९६ मध्ये धारवाडात जन्म, घरची भाषा मराठी, आणि कवी झाले ते कन्नडचे. 'नाकु तंती'साठी १९७३ चं ज्ञानपीठही मिळालं. ताई लगेच म्हणाली, "बघ. घरात मराठी, रस्त्यात कन्नड. कुणी कार्डं दिली होती त्यांना?" वहिनी म्हणाली, "ते शाळेत जात होते, ताई. दोस्त होते त्यांना." दोघींचं बरोबर होतं आणि माझं उदाहरण कुणाच्याच कामाला आलं नाही. मी त्यात आणखी भर घालायला गेलो, की एकोणिसाव्या शतकात या भागातल्या सरकारी शाळा मराठी होत्या, कन्नड घरांतली पोरं मराठीत धुळाक्षरं गिरवायची, आणि डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी खटपट करून कन्नड शाळा उभ्या केल्या. म्हणजे रस्त्याची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, हा पेच आम्ही आज भोगतोय तो त्या काळी इथल्या कन्नड घरांनी भोगलाय. पण तोवर ताईनं मला चहाला पाठवलं होतं.

चहा घेऊन वर आलो तर विषय प्लॅटफॉर्मवर गेला होता. हे प्रकरण आदल्या दिवशीचं. हुबळी स्टेशनचा प्लॅटफॉर्म १,५०७ मीटर लांब. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा तो जगातला सर्वांत लांब ठरला, त्याआधीचा मान गोरखपूरचा होता. मी दोन्ही पोरांना दहा-दहा रुपयांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढून तिथं नेलं. वहिनीनं पोरीच्या हातात कागद दिला होता. पाऊल मोज, लांबीला भाग, मग चालून ताळा बघ. पोरीचं पाऊल पंचावन्न सेंटिमीटर, उत्तर दोन हजार सातशे चाळीस पावलं. ताईच्या मुलाला काहीच सांगितलं नव्हतं. तो चालता चालता थांबला आणि त्यानं विचारलं, "गाडी एवढी लांब नसते, मग प्लॅटफॉर्म एवढा कशाला?" त्याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही. तिथल्या एका हमालानं दिलं. दोन गाड्या एकाच वेळी दोन टोकांना लावता येतात. पोरगा मग त्या हमालाबरोबरच बसला. किती गाड्या, कुठून कुठं, हातगाडीला चाकं कसली.

पोरीचा ताळा दोन हजार आठशे छप्पन पावलांवर आला, कारण दमल्यावर तिची पावलं लहान पडायला लागली. ते तिचं तिलाच कळलं आणि तिनं कागदावर लिहिलं, "दमल्यामुळं सरासरी ५३." आता यातलं कोण जास्त शिकलं, यावर या दोघींनी गच्चीवर पाऊण तास घालवला. मला विचाराल तर हमालाचे आभार मानायचे कुणाच्या लक्षात आलं नाही.

गावातल्याच बेंगेरीच्या खादी केंद्रातही तसंच झालं. कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ ही संस्था १९५७ ची, आणि मानक ब्युरोच्या मान्यतेनं खादीचे राष्ट्रध्वज करण्यासाठी तिचं नाव देशभर आहे. ध्वजाची नऊ मापं ठरलेली आहेत. सगळ्यांत लहान सहा बाय चार इंच, सगळ्यांत मोठा एकवीस बाय चौदा फूट, आणि प्रमाण सगळ्यांचं तीनास दोन. मी दोघांना विचारलं, मोठ्यात लहान किती बसतील? पोरीनं वहीत केलं, पोरानं जमिनीवर खडूनं. दोघांचं उत्तर सतराशे चौसष्ट, म्हणजे बेचाळीसचा वर्ग. गणिताच्या मास्तरला वर्षातून एकदा असा दिवस मिळतो. मी दोघांना नंतर कुल्फी दिली.

मध्यरात्र उलटली. पाण्याचा पत्ता नव्हता. आई वर आली आणि तिनं विचारलं, "अजून शाळाच चाललीय काय तुमची?" ती चौथीपर्यंत शिकली. पण डब्यातलं पीठ बघून किती भाकऱ्या होतील ते तिला कळतं, आणि नेमक्या तेवढ्याच होतात. ती कठड्याला टेकून बसली.

ताईनं तेवढ्यात हुकमाचं पान काढलं. पंडिता रमाबाई. १८५८ साली जन्मल्या त्या आपल्याच कर्नाटकात, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. मराठी घर, बाप अनंतशास्त्री डोंगरे. शाळेचं तोंड पाहिलं नाही, सगळं संस्कृत घरात. आणि वीस वर्षांची ती मुलगी कलकत्त्याला गेली तेव्हा तिथल्या पंडितांनी तपासून 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला. "दीडशे वर्षांपूर्वी," ताई म्हणाली. "एनआयओएस नाही, तक्ता नाही."

वहिनी जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, त्यांना शिकवलं कुणी?"

"वडिलांनी. आधी बायकोला शिकवलं, त्यावरून केवढा गहजब झाला."

"बायकोला वडिलांनी. आणि रमाबाईंना?"

ताई थांबली. उत्तर तिलाही माहीत होतं. रमाबाईंना शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर रानातल्या त्या घराचं काम. येणारे शिष्य, यात्रेकरू, गुरंढोरं, सगळ्यांचं रांधणं-वाढणं. मोकळा वेळ नाहीच. म्हणून त्या उजाडायच्या आत झोपेनं जड झालेल्या पोरीला उचलून घेत, लाडानं जागी करत आणि पाखरं बोलायच्या वेळी तोंडी श्लोक म्हणवून घेत. पुस्तकसुद्धा नाही, आईच्या तोंडून ऐकायचं आणि म्हणायचं.

"रमाबाईंचं नाव सगळे घेतात," वहिनी म्हणाली. "लक्ष्मीबाई किती वाजता उठत होत्या ते कुणी विचारत नाही. पुस्तकं फुकट आहेत, ताई. खेळणी कचऱ्यातनं होतात. तुम्ही गोष्टी सांगता, मी तक्ता लावते, दोन्ही चालतं. पण दोन्हीला एक मोठं माणूस रिकामं लागतं, आणि आपल्याकडं ते माणूस ठरलेलं असतं. मी नोकरी सोडली तेव्हा घरात चर्चा झाली ती पोरीला कुठला अभ्यासक्रम घ्यायचा याची. नोकरी कुणी सोडायची याची झाली नाही."

ताई घरून काम करते. पुण्यात तिचं कसं चालतं हे मी कधी विचारलं नव्हतं. तिनं त्या रात्री सांगितलं. मुलगा जे 'आपोआप' शिकतो ते सकाळी सात ते अकरा, आणि तिचं ऑफिसचं काम रात्री दहा ते दोन. नवऱ्याकडं रविवार आहे. रविवारी तो मुलाला टेकडीवर नेतो, फोटो काढतो, आणि सगळे म्हणतात काय हौशी बाप आहे.

"मुंबईच्या त्या मालविका जोशीचं घ्या," वहिनी म्हणाली. सातवीनंतर शाळा सोडलेली ही मुलगी संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य मिळवून २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावीचा दाखला नसल्यानं आयआयटीचं दार तिला बंद होतं. घरी शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाला ही गोष्ट पाठ असते. "तिच्या आईनं नोकरी सोडली होती. बातमीत ते एका ओळीत होतं."

आई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "मला घरी कुणी शिकवलंच नाही, ते बरं म्हणायचं काय मग? कुणाची झोप मोडली नाही." ती हे कुणाच्या बाजूनं बोलली ते ठरवता आलं नाही. आईचं नेहमी असंच असतं.

मग बारीकसारीक सल्ल्यांची देवाणघेवाण झाली. ती मला सगळ्यांत मोलाची वाटली, कारण त्यात कुणाला जिंकायचं नव्हतं. ताईनं सांगितलं, स्वयंपाक आणि अभ्यास वेगळे ठेवू नकोस, पोराला निवडणं-टिपणं, मापं, भाजी आणून पैसे परत मोजणं हे सगळं दे. वहिनीनं सांगितलं, गॅसजवळ बारा वर्षांपर्यंत नाही म्हणजे नाही, आणि भाजी आणायला पाठवायचं तर दुर्गद बैल बाजाराच्या गर्दीत एकटं नको. ताई म्हणाली, टीव्ही काढूनच टाक. वहिनी म्हणाली, टीव्ही आईंचा आहे. हा मुद्दा तिथंच संपला. फोन एकच, तोही रात्री पिठाच्या डब्यावर. आठवड्यातली एक दुपार दुसऱ्या मुलांसाठी राखून ठेवायची, मग गणित बुडालं तरी चालेल. हे मी सुचवलं. वर्गात मी शिकवतो त्यापेक्षा मुलं एकमेकांकडून जास्त शिकतात, हे वीस वर्षांत माझ्या ध्यानात आलंय, आणि घरातल्या शाळेत नेमकी तीच जागा रिकामी राहते. दोघींनी एकदम मान डोलावली. मला बरं वाटलं. नंतर कळलं, दोघींनी ते आधीच ठरवलेलं होतं.

पाणी आलं साडेचारला. नळानं आधी नुसता वारा सोडला, मग गढूळ, मग नितळ. वहिनी जिना उतरून गेलेली होती. मी बादल्या लावल्या, ताईनं पाइप धरला. भांड्यांच्या आवाजानं दादा उठला आणि डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. वेळापत्रक त्याच्या नाकासमोर होतं. त्यानं ते बहुधा पहिल्यांदाच वाचलं असावं, कारण तो बराच वेळ तिथंच होता.

"हा गुलाबी रंग कशाचा?" त्यानं विचारलं.

"गणित," वहिनी म्हणाली. कळशी तिच्या कमरेवर होती.

"कापड मोजणं, बिल करणं, सूट काढणं, हे गणितच की. दुकानात येऊ दे तिला. दहा ते एक मी बघतो."

वहिनीनं कळशी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि फ्रिजवरचं पेन त्याच्या हातात दिलं. दादानं गुलाबी चौकटीत लिहिलं, 'दुकान, बाबा, मंगळवार.' वहिनीनं पेन परत घेतलं आणि त्यापुढं लिहिलं, 'ते शनिवार.'